यूव्हर्जन बायबल ॲप: घरच्या प्रार्थनेत मुलांसाठी कितपत कामाचं?

सदर असो की मोहननगर, नागपुरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत मुलं शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि आजीशी मराठी बोलतात. ऐकलेलं मराठी त्यांना सगळं कळतं, पण छापील मराठी समोर आलं की जोडाक्षरापाशी गाडी अडते. संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबलच्या दहा ओव्या (म्हणजे क्रमांक दिलेली वचनं) वाचायला पाच मिनिटं लागली की मूल लाजतं, आणि पुढच्या वेळी “तूच वाच ना मम्मी” म्हणून मोकळं होतं. एकदा का मुलाने घरातलं वाचन सोडलं, की संडेस्कूलच्या तासाभरात ते भरून निघत नाही. या एका अडचणीवर यूव्हर्जनचं बायबल ॲप खरोखर उपयोगी पडतं. बाकी बाबतींत त्याच्यावर फार विसंबू नये.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. अमेरिकेतल्या लाइफ.चर्च या मंडळीने (म्हणजे चर्चने) ते २००८ मध्ये आणलं. नुसतं वाचायला खातं उघडावं लागत नाही; ओव्या रंगवायच्या असतील किंवा वाचनयोजना घ्यायची असेल तर लागतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आवृत्तीची निवड, आणि घोळ होतो तो इथेच. मराठीत एकापेक्षा जास्त आवृत्त्या मिळतात: बायबल सोसायटीची आपल्या उपासनेत वाचली जाणारी आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन), शिवाय सोप्या भाषेतल्या. मुलांना सोपी द्यावी असं सहज वाटतं. पण मंडळीत एक पाठ, घरात दुसरा आणि संडेस्कूलच्या स्पर्धेत तिसरा असं झालं की पाठांतराचा पार गोंधळ उडतो. मूल वचन बरोबर म्हणतं आणि तरी परीक्षक मान हलवतात, कारण शब्द दुसऱ्या आवृत्तीचे असतात. म्हणून तुमच्या मंडळीत जी वाचली जाते तीच लावा. सोपी आवृत्ती अर्थ समजावण्यापुरती ठेवा. एक ओवी निवडून ‘तुलना’ केली की दोन्ही आवृत्त्या एकाखाली एक दिसतात, तेवढं पुरतं. निवडलेल्या आवृत्तीत जुना करार आहे का तेही पाहून घ्या. काहींत फक्त नवा करार असतो. आवृत्ती ठरली की लगेच फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी मजकूर उघडतो. ऑडिओ मात्र त्यासोबत आपोआप उतरत नाही.

ऑडिओ हीच या ॲपची खरी ताकद. ज्या आवृत्तीला आवाज आहे तिच्यापुढे स्पीकरचं चिन्ह असतं. वापरायची रीत अशी: फोन टेबलावर, आणि मुलाच्या हातात छापील बायबल. पहिल्यांदा मुलाने फक्त ऐकायचं आणि बोट ओळीवरून फिरवायचं. दुसऱ्यांदा आवाजाचा वेग थोडा कमी करून त्याच्याबरोबर मोठ्याने वाचायचं. तिसऱ्यांदा फोन बंद, मूल एकटं वाचतं. एका बैठकीला आठ ते दहा ओव्या, त्याहून जास्त नको. बोट महत्त्वाचं आहे, कारण ‘सार्वकालिक’, ‘नीतिमत्त्व’ यांसारखे शब्द कानाला आधी ओळखीचे होतात आणि मग डोळा त्यांना पटकन पकडतो. तुमचं छापील पुस्तक जुन्या छपाईचं असेल तर ॲपमधल्या सुधारित मजकुराशी काही शब्द जुळणार नाहीत. तिथे बोट घसरतं आणि मूल बावरतं. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवून फोनच्याच पडद्यावर, अक्षर मोठं करून वाचावं.

ऑडिओ लावून आई स्वयंपाकघरात आणि बाबा टीव्हीपुढे गेले, तर मात्र त्याचा रेडिओ होतो. आवाज ॲपचा असला तरी शेजारी घरचंच माणूस बसलेलं हवं. आणि त्या दहा मिनिटांपुरता फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका, प्रार्थनेच्या मध्येच व्हॉट्सॲप वाजलं की मुलाचं लक्ष परत आणणं कठीण.

वाचनयोजना हा भाग लंगडा आहे. मराठीत इंग्रजीच्या मानाने योजना थोड्या. वर्षभरात अख्खं बायबल वाचण्याची योजना तर मुलांना देऊच नये. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. लेवीय हे तिसरं पुस्तक येईपर्यंत मोठी माणसंही मागे पडतात. मागे राहिलेले दिवस ॲपमध्ये साचलेले दिसतात आणि मूल ते बघून योजनाच सोडून देतं. सलग किती दिवस ॲप उघडलं याचा आकडाही दिसतो. त्याचं कौतुक घरात करू नका, नाहीतर मूल आकड्यापुरतं ॲप उघडून बंद करू लागतं.

त्यापेक्षा स्वतःची योजना आखा. लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय डिसेंबरच्या १ ते २४ तारखेला रोज एक, ही पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण ती पहिल्याच दिवशी फसते: लूकचा पहिला अध्याय ८० ओव्यांचा आहे. त्याऐवजी २९ नोव्हेंबरला सुरुवात करा. १९७० मध्ये याच तारखेला आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मुलांना हे सांगायलाही तो दिवस चांगला. मग हाताशी २६ दिवस येतात. पहिला अध्याय दोन दिवसांत आणि ७१ ओव्यांचा बाविसावाही दोन दिवसांत, दोन्ही ठिकाणी ३८ व्या ओवीनंतर थांबून. तिसऱ्या अध्यायातली वंशावळ मोठ्यांनी वाचावी. असं केलं की २४ तारखेला शेवटचा अध्याय येतो, पुनरुत्थानाचा. त्या रात्री दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या २० ओव्या पुन्हा वाचा, आणि त्या घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला द्या. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्या त्याने ऐकलेल्या असतात, त्यामुळे अडखळत नाही.

कन्फर्मेशनच्या (मंडळीत स्वतःच्या विश्वासाची कबुली देण्याच्या) वयाच्या मुलांना मात्र ऑडिओचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी मित्रांसोबत योजना घेण्याची सोय चांगली आहे. रोजच्या वाचनाखाली एकमेकांना लिहिता येतं. या वयात मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, म्हणजे येशूचं डोंगरावरील प्रवचन, आधी घ्यावेत. तिन्ही मिळून १११ ओव्या, तीन दिवसांत होतात. कवी नारायण वामन टिळकांना नागपूर ते राजनांदगाव प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर ते त्यात गुंतून पडले. टिळक मोठे माहितगार, वाद घालणारे होते. आजची पंधरा-सोळा वर्षांची मुलंही वाद घालतात, आणि शत्रूवर प्रीती करा हे वाचून “असं कोण करतं?” विचारतात. तो प्रश्न दाबू नका, गटात तसाच लिहू द्या. पाळकसाहेबांना किंवा संडेस्कूलच्या ताईंना गटात घ्यायचं असेल तर आधी मुलांना विचारा. न सांगता मोठं माणूस आलं की गट गप्प होतो.

कॅथलिक घरांसाठी एक सूचना. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात. ६६ पुस्तकांची आवृत्ती लावलेली असेल तर तोबीत, शलमोनाचं ज्ञान, मक्काबी ही पुस्तकं यादीत दिसणारच नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात आईवडिलांचा मान राखण्याबद्दल अशाच सिराख या पुस्तकाचा तिसरा अध्याय दिला, आणि मूल फोनमध्ये शोधत बसलं, असं सहज होऊ शकतं. त्या वाचनापुरतं छापील कॅथलिक बायबलच काढावं लागतं.

ऐकण्यासाठी पाचपैकी साडेचार, योजनांसाठी दोन. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हातात हे ॲप देऊ नका. त्यांना मांडीवर घेऊन गोष्ट सांगा.