परीक्षकाच्या खुर्चीत: निकष की आवड?

एकांकिका स्पर्धेचं परीक्षण पहिल्यांदाच करणार असाल, तर तिसरी घंटा होण्याआधी एक ठरवून घ्या: नाटक चांगलं-वाईट असतं, की फक्त आपल्याला आवडतं-नावडतं? मी दोन्ही पद्धतींनी गुण दिलेत.

आवडीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य असे रकाने भरत गेलं की सगळीकडे जेमतेम बरी असलेली एकांकिका बेरजेत पुढे सरकते. नुसत्या दोन लेव्हल्सवर (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यांवर) उभी राहिलेली, पण कुणाला मोबाइल काढू न देणारी मागे पडते. निकषवाल्यांकडे याला धड उत्तर नाही.

तरी आवडीवाल्यांची एक गोष्ट मला सहन होत नाही. निकालानंतर पोरं घोळक्यानं येतात, "सर, आमचं काय कमी पडलं?" एकदा माझे सहपरीक्षक म्हणाले, "मला भावलं नाही, एवढंच." संपलं बोलणं! वास्तविक बोट ठेवण्याजोगी जागा होती. आजोबा झालेला मुलगा वाक्यावाक्याला खोकत होता, आणि लेकावर खवळला तेव्हा नेमका खोकला गायब. तिथं तर ढास लागायला हवी. मी हे सांगताच त्यानं जीभ चावली. ती केवळ माझी आवड असती तर त्याला पटलं असतं का?

2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, परीक्षकांनी, त्या योग्यतेची एकांकिका नाही म्हणून, करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला. निर्णयाबद्दल दुमत असू शकतं; पण नुसत्या आवडीवर तो घेताच आला नसता, कारण त्यातल्या त्यात जास्त आवडलेली एक तर निघतेच. (आणि कॉलेजच्या पोरांच्या 'आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी आपली आवड किती तापते, तेही एकदा तपासून पाहा.)

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रानं प्राश्निकांत, म्हणजे नाटकाच्या परीक्षकांत, वैयाकरण, चित्रकार, धनुर्धर, अगदी गणिकाही बसवली आहे. ज्यातलं ज्याला कळतं ते त्यानं पाहावं. पात्राच्या दुःखानं दुःखी होणारा प्रेक्षकही त्याच ग्रंथाला हवा आहे, म्हणजे आवडीला अगदीच हाकललेलं नाही.

मी हल्ली प्रयोग चालू असताना फक्त टिपणं काढतो, रकाने नंतर भरतो. बेरीज आणि मन जुळलं नाही तर कारण शोधतो. सापडलं तरच आकडा बदलतो. तुम्हाला आवडीनंच गुण द्यायचे असतील तर जरूर द्या. फक्त निकालानंतर विंगेतून बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा.