नसलेल्या पायाच्या वेदनेवर ‘नस जागी करण्याचे’ पॅकेज

मधुमेहात चिघळलेल्या जखमेमुळे माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर, नसलेल्या त्या पावलाची बोटे कोणीतरी पिरगाळत असल्यासारख्या कळा त्यांना रात्री येऊ लागल्या. डॉक्टर याला फँटम पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूतील त्याची जागा कायम असते आणि तुटलेल्या नसांची टोके संदेश पाठवीत राहतात. म्हणजे हा भास नव्हे, वेदना खरीच असते.

कृत्रिम पायाच्या मापासाठी ते रांगेत बसले असताना एका गृहस्थाने गोड बोलून हाती पत्रक ठेवले आणि सिंहगड रस्त्यावरील आपल्या केंद्रात बोलावले. ‘काका, नस मेलेली नाही, झोपली आहे,’ असे सांगून तेथे यंत्राने ‘नस जागी करण्याच्या’ पॅकेजसाठी ४५,००० रुपये आगाऊ घेण्यात आले. सुरुवातीला काही रात्री बऱ्या गेल्या. ही वेदना मुळातच लहरी असते, हे त्या मंडळींना चांगलेच ठाऊक असावे. कारण ती ओसरली की श्रेय यंत्राचे आणि उसळली की ‘नस जागी होत आहे’, अशी दोन्हीकडून सोय त्यांनी करून ठेवली होती.

पैशांपेक्षा मोठा अपाय निराळाच झाला. नसांच्या वेदनेवरच्या, हळूहळूच कमी करावयाच्या गॅबापेंटिनच्या गोळ्या केंद्रवाल्यांनी एकदम बंद करायला लावल्या, त्यामुळे झोप पार उडाली. शिवाय उग्र तेल आणि गरम पट्टा यांमुळे खुंटावर फोड आला, तो भरेना, आणि नवा पाय कोपऱ्यात पडून राहिला. यंत्राचा फोटो पाहताच आमच्या फिजिओथेरपिस्टने ते साधे टेन्स यंत्र, म्हणजे वेदनेसाठी त्वचेवरून विजेचा सौम्य प्रवाह देणारे यंत्र, असल्याचे ओळखले. कंपनीचे नाव तेवढे खरवडलेले होते.

पैसे परत मागितले तेव्हा पावतीतील मेख कळली. तिच्यावर डॉक्टरांचे नाव वा नोंदणी क्रमांक नव्हता. ‘आरोग्य मार्गदर्शन, ऐच्छिक देणगी’ एवढेच छापलेले होते, आणि देणगी परत होत नाही, असे उत्तर मिळाले.

पत्रक मात्र आम्ही जपून ठेवले आहे. त्यात मधुमेह मुळापासून बरा करण्याचाही दावा असून, आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यानुसार तशी जाहिरात करणे गुन्हा आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. सध्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत आणि मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट करून घेतात. यात शाबूत पायाचे प्रतिबिंब पाहून, नसलेला पायच हलतो आहे, असे मेंदूला भासविले जाते. त्याचा गुण सर्वांनाच येतो असे नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले.