पट्ट्या एक नंबर, टक्क्यांचा तक्ता कपाटावर

बारावीच्या उत्क्रांतीच्या धड्यासाठी माणूस-चिंपांझी गुणसूत्रांचा हा संच मागवला. एक मोठा रंगीत तक्ता आणि लॅमिनेट केलेल्या सुट्या पट्ट्या. छपाई स्वच्छ, किंमत जरा चढीच.

पट्ट्यांना पैकीच्या पैकी मार्क. २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह आमच्याच औरंगाबादेत डार्विन चुकीचा म्हणून गेले. तेव्हापासून ‘मॅडम, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून ठरलेला. त्याच्याच जोडीला, आपली गुणसूत्रं ४६, चिंपांझीची ४८, मग दोन गेली कुठं? मी वाद घालत नाही. चिंपांझीच्या दोन पट्ट्या देते, टोकाला टोक लावायला सांगते आणि शेजारी माणसाचं दोन नंबरचं गुणसूत्र ठेवते. काळे-पांढरे पट्टे जवळजवळ तंतोतंत जुळतात. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडून एक झालं; ती जोडीनं असतात, म्हणून आकडा दोननं घटला. जोडाच्या जागी ‘टीटीएजीजीजी’ या डीएनएच्या अक्षरांची रांग बारीक अक्षरांत छापलीय. ही रांग एरवी गुणसूत्राच्या टोकाला असते, इथं मधेच सापडते. १९९१ पासून हे माहीत आहे. पोरं वाकून वाकून बघतात. निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरची, म्हणजे गुणसूत्राच्या कंबरेची, खूण तेवढी छापायची राहिलीय, ती मी मार्करनं केली.

तक्ता मात्र नुसता गाजावाजा. ‘९८.८ टक्के सारखे!’ पण कशाचे टक्के? शेजारी शेजारी मांडता येणाऱ्या डीएनएत एकेक अक्षर ताडून पाहिलं तर हा आकडा येतो. बदललेली अक्षरं साडेतीन कोटींच्या आसपास. गळालेले आणि घुसलेले तुकडे धरले की साम्य साधारण ९६ वर येतं. २०२५ मध्ये वानरांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचून, प्रसिद्ध झाले. त्यातले जुळवताच न येणारे भागही मोजले, तर फरक दहा टक्क्यांच्या पुढं जातो. लगेच एक पोरगा मोबाइल घेऊन हजर, ‘मॅडम, ९८ टक्के खोटं निघालं!’ अरे बाबा, माप बदललं, नातं नाही. त्याच मापानं गोरिला मोजला तर तो सरासरीनं आपल्यापासून चिंपांझीपेक्षा लांबच निघतो. नेमका हाच गोरिलाचा रकाना तक्त्यात नाही! असता तर माझा अर्धा तास वाचला असता.

पाचपैकी साडेतीन. पट्ट्या सुट्या विकत नाहीत, विचारून झालं.