एफ-१६ की हॉर्नेट? फक्त उतरण्यापुरतं

डीसीएस या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये पैसे मोजून पहिलं विमान कुठलं घ्यावं, हे मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. रडार, क्षेपणास्त्रं, कॉकपिटातली बटणं यांवर इतकं लिहून झालंय की त्यात माझी भर नको. मी शेवटच्या दीड मिनिटापुरतंच बोलतो, म्हणजे विमान खाली आणण्याबद्दल. मी आधी एफ-१६ घेतलं, वर्षभराने हॉर्नेट, म्हणजे विमानवाहू बोटीवर उतरणारं एफ/ए-१८. आज दोन्ही संगणकावर आहेत, पण संध्याकाळी जेवणं आटोपली की हात कुठल्या आयकॉनवर जातो ते पुढे कळेलच.

एफ-१६ पहिल्या दिवशीच खिशात टाकतं. सिम्युलेटरमधल्या जॉर्जियातल्या बाटुमीला समुद्राकडून १३ नंबरच्या धावपट्टीवर यायचं, फ्लाइट पाथ मार्कर (विमान नेमकं कुठे चाललंय ते दाखवणारं चिन्ह) धावपट्टीच्या तोंडाशी टेकवायचा, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) ११ अंशांच्या आसपास ठेवायचा. स्टिकला नुसतं बोट लावलं तरी पुरतं. ट्रिमची, म्हणजे हात न लावता विमान त्याच कोनात राहील असं बसवण्याची, फारशी कटकट नाही. इथपर्यंत कुणीही येतो. पुढे शेवटच्या वीस-तीस फुटांत नाक हळूच उचलून खाली येण्याचा वेग मोडायचा, म्हणजे फ्लेअर करायचा. माझं घोडं तिथेच पेंड खातं.

कारण माझा मॉनिटर २४ इंची आणि सपाट. त्यावर पंधरा फूट कुठले आणि पाच फूट कुठले, हे मला आजतागायत नीट दिसलेलं नाही. खऱ्या वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांच्या दोन्ही कडांनी वर येताना जाणवते. माझ्या कडांना पुस्तकांचं कपाट आणि पाण्याची बाटली. नाक लवकर उचललं की विमान ग्राउंड इफेक्टवर, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या उशीवर, तरंगत बसतं आणि अर्धी धावपट्टी खाली सरकून जाते. उशीर झाला तर धाडकन आपटतं. घाबरून जास्त ओढलं आणि १५ अंशांपुढे गेलो की शेपटीकडचा भाग डांबराला घासतो. जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या रडार अल्टिमीटरचा आकडा बघावा तर तेवढ्यात नाक भलतीकडे.

मी एक उपाय केला होता. चांगला फ्लेअर जमला त्या वेळचं रीप्ले थांबवून, धावपट्टीच्या कडा पडद्यावर जिथे येत होत्या तिथे सेलोटेपच्या दोन बारीक पट्ट्या चिकटवल्या. आठ दिवस बरं चाललं. मग घरी साफसफाई झाली, मॉनिटर लख्ख पुसला गेला आणि माझा फ्लेअर फडक्याबरोबर गेला.

हॉर्नेट घेताना मनात धाकधूक होती. धावपट्टीवर रडतोय, बोटीवर काय दिवे लावणार? पण झालं उलटंच, कारण बोटीवर फ्लेअर नाहीच. साडेतीन अंशांच्या उतारावर जसं येतोय तसंच डेकवर बसायचं. हॉर्नेटचे पाय तो दणका खायलाच बनवलेत. अँगल ऑफ अटॅक ८.१ वर ट्रिम करून ठेवला की उंचीचं काम थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांडीचं. मग बघायच्या तीनच गोष्टी: बॉल (बोटीवरच्या भिंगांतून दिसणारा दिवा), उतरण्याच्या पट्टीची मधली रेघ, अँगल ऑफ अटॅक. हिरव्या दिव्यांच्या ओळीपेक्षा पिवळा बॉल वर दिसला तर तुम्ही उंच, खाली दिसला तर तुम्हीही खाली, लाल झाला तर पॉवर द्या आणि देवाचं नाव घ्या. उंचीचा अंदाज डोळ्याने करायचाच नाही, बोटीवरचा दिवाच तो सांगतो. आणि दिवा वर आहे की खाली, एवढं सपाट पडद्यावरही दिसतं.

दिव्याने उतार दाखवायची ही युक्ती ब्रिटिश आरमारातल्या निकोलस गुडहार्टची, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची. टेबलावर छोटा आरसा आणि लिपस्टिक उभी करून त्याने सेक्रेटरीला प्रतिबिंब जागच्या जागी ठेवत चालत यायला सांगितलं, तर तिची हनुवटी बरोबर टेबलाला टेकली, असा किस्सा सांगतात. पुढे आरशाच्या जागी भिंगं आली. तत्त्व तेच राहिलं.

आता हॉर्नेटच्या तक्रारीही सांगायला हव्यात. उतरण्याची पट्टी बोटीच्या नाकाच्या रेषेशी साधारण ९ अंश तिरकी असते आणि बोट पुढे चाललेली असते. त्यामुळे मधली रेघ सारखी उजवीकडे सटकते. सरळ बसलो म्हणून निर्धास्त झालात की डावीकडे भरकटलात. पाऊण मैलावरून बॉल फुल एचडी पडद्यावर मोहरीएवढा दिसतो. डीसीएसचं सुपरकॅरियर हे वेगळं मॉड्यूल घेतलं तर तो कोपऱ्यात मोठा करून दाखवतात आणि उतरल्यावर शेराही मिळतो, पण त्याचे पैसे वेगळे. सरावाला फुकटातली स्टेनिस ही बोट पुरेशी आहे.

सगळ्यात मोठी अडचण थ्रॉटलची. माझ्या जुन्या जॉयस्टिकच्या बुडाशी एक छोटी दांडी होती. तिला जरा ढकललं तर काही होत नसे, आणखी केसभर ढकललं की एकदम उडी. एफ-१६ला त्याने कधी काही बिघडलं नाही. बोटीवर मात्र बॉलची सापशिडी झाली. दोन महिने स्वतःला शिव्या घातल्या, मग जॉयस्टिक उघडून आतला पोटेंशिओमीटर (दांडी किती सरकली ते मोजणारा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला तेव्हा कुठे बॉल मधोमध थांबायला लागला. तुमची दांडी अशीच असेल तर विमान राहू द्या, आधी थ्रॉटल घ्या.

एवढं असूनही माझा काटा हॉर्नेटकडे झुकतो. चाकं टेकताच थ्रॉटल पुढे, शेपटीखालच्या हुकने डेकवर आडवी ताणलेली तार पकडली तर थांबलात, सुटली तर बोल्टर आणि पुन्हा चक्कर. चारपैकी तिसरी तार मिळाली की मन भरतं, पहिली मिळाली की आपण खाली होतो हे न विचारता कळतं. एफ-१६मध्ये कसंबसं टेकलं तरी पुढे एवढी धावपट्टी उरते की चूक पोटात घातली जाते. धावपट्टीवरही टेकून पुन्हा उडता येतं हे मान्य, पण बरं उतरलो की नुसते वाचलो, हे मला कधी कळलंच नाही.

एकदम बोटीवर जाऊ नका. आधी साध्या धावपट्टीवर हॉर्नेट फ्लेअर न करता बसवायची सवय लावा. खरे लोकही जमिनीवरूनच सुरुवात करतात. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर तारा बसवलेली सोय आहे. नौदलाचं तेजस सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे तारेवर थांबलं आणि मगच ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते विमानवाहू बोट आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. त्या बोटीवर तारा तीनच.

व्हीआरचा चष्मा असेल तर माझी फ्लेअरची तक्रार तुम्हाला कदाचित लागूच होणार नाही. त्यात खोली दिसते. मित्राकडे एकदा लावून बघितला आणि एफ-१६ दुसऱ्याच प्रयत्नात अलगद बसलं, हे लपवत नाही. वीस मिनिटांत मळमळायला लागलं म्हणून तो नाद सोडला.

दोन्ही विमानं १४ दिवस फुकट चालवून बघता येतात. आधी एफ-१६ बघा, नंतर हॉर्नेट. उलट केलंत तर हात फ्लेअर विसरतो. मी हल्ली महिन्यातून एखाद्या वेळी एफ-१६ काढतो, बाटुमीला सवयीने साडेतीन अंशांवर तस्सं खाली आणतो, आणि पहिल्या खेपेला त्याचं चाक मोडतं.