ग्रेटा गार्बो: आयएनटीजे की आयएसएफपी?

मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व-पद्धतीत माणसाचा स्वभाव चार अक्षरांत मांडतात: आय (अंतर्मुख) की ई (बहिर्मुख), एस (डोळ्यांसमोरच्या, जाणवणाऱ्या गोष्टींवर भर) की एन (अंतःप्रेरणा, शक्यतांवर भर), टी (तर्काने निर्णय) की एफ (भावनेने निर्णय), जे (ठरवून, आखून चालणं) की पी (पर्याय खुले ठेवणं). हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेटा गार्बो यात कुठे बसते, हा प्रश्न. गार्बो अंतर्मुख होती, यावर कुणाचं दुमत नसतं. १९४१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तिचा शेवटचा चित्रपट आला आणि १९९० मध्ये न्यूयॉर्कला तिचं निधन झालं, तोवर ती पडद्यावर परतली नाही. घोडं अडतं ते उरलेल्या तीन अक्षरांवर.

आधी एक पथ्य. 'ग्रँड हॉटेल'मधलं (१९३२) एकटं राहू देण्याबद्दलचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. ते तिने साकारलेल्या नर्तिकेचं आहे. सेटवर गार्बो भोवती पडदे लावून घ्यायची, तेही बाजूला ठेवा. त्यातून फक्त अंतर्मुखता कळते आणि ती दोन्ही प्रकारांत आहेच.

आयएनटीजे म्हणजे लांबचा विचार करून, भावना बाजूला ठेवून आखणी करणारी व्यक्ती. या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे एमजीएम या चित्रपट स्टुडिओशी झालेला करारवाद. १९२६ च्या अखेरीस तिने काम थांबवलं आणि अखेर स्टुडिओला नमतं घ्यावं लागलं. विशीतली, परक्या देशातली मुलगी एवढा दम धरते, हे मला आजही थक्क करतं. पण दम धरणं म्हणजे डावपेच आखणं नव्हे. मनाला न पटलेलं काहीही झालं तरी करायचं नाही, हा आयएसएफपीचाही पक्का स्वभाव.

'क्वीन क्रिस्टिना'च्या (१९३३) वेळी तर पारडं स्पष्ट झुकतं. नायक म्हणून तिने जॉन गिल्बर्टसाठी हट्ट धरला. तो तिचा पूर्वीचा प्रियकर, आणि बोलपटांच्या काळात त्याची कारकीर्द उतरणीला लागलेली. नफा-तोटा पाहणाऱ्याने हे नाव सुचवलं नसतं. इथे जुना जिव्हाळा बोलतो, म्हणून तिसरं अक्षर मी निःशंकपणे 'एफ' देते.

राहिली निवृत्ती. तो विचारपूर्वक घेतलेला, ठाम निर्णय होता असं मानलं, तर 'जे' शोभतं. पण १९४९ मध्ये निर्माता वॉल्टर वँगरच्या चित्रपटासाठी तिने कॅमेरा चाचण्या दिल्या होत्या. पैसा उभा राहिला नाही आणि चित्रपट बारगळला. म्हणजे दार तिने कायमचं लावून घेतलेलं नव्हतं. एकेक संधी हुकत गेली, आणि ती थांबली. हे 'पी'शी जास्त जुळतं.

'एस' की 'एन', इथे मात्र पुरावा तोकडा आहे. रेन्वार, बोनार यांची चित्रं तिने जमवली, यावरून रंग-रूपाची ओढ दिसते, पण श्रीमंत माणसं गुंतवणूक म्हणूनही चित्रं घेतात. शिवाय ही पद्धत मुळात माणसाने स्वतः दिलेल्या उत्तरांवर चालते, त्यामुळे बाहेरून बांधलेला अंदाज इथे सर्वांत लंगडा पडतो.

माझं मत आयएसएफपीला. कुणी आयएनएफपी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. आयएनटीजे म्हणणाऱ्याला मात्र गिल्बर्ट आणि १९४९ या दोन्हींचं उत्तर द्यावं लागेल.