‘द सीक्रेट हिस्टरी’ की ‘इन द वुड्स’: आधी कोणती घ्यावी?

साहित्यिक वळणाची, काळोखी रहस्यकादंबरी कुणी सुचवायला सांगितली की ही दोन नावं हटकून निघतात. मतं मात्र दोन्हींबद्दल टोकाची. एकाने डोक्यावर घेतलेलं पुस्तक दुसऱ्याने चिडून मिटलेलं असतं, आणि गंमत म्हणजे दोघं बहुधा एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. त्यामुळे किती तारे पडलेत यापेक्षा वाचक नेमका कशावर चिडलाय ते बघावं. (‘इन द वुड्स’च्या शेवटाबद्दलची एक गोष्ट पुढे उघड केली आहे. खुनी कोण, ते सांगितलेलं नाही.)

डोना टार्टची ‘द सीक्रेट हिस्टरी’ (१९९२) खुनी कोण हे सुरुवातीच्या पानांतच सांगून मोकळी होते. व्हरमाँटमधल्या लहानशा कॉलेजात प्राचीन ग्रीक शिकणारी मोजकी मुलं. त्यांच्यातल्याच बनीचा त्यांनी जीव घेतला, आणि निवेदक रिचर्डही त्यात होता. उरतो तो फक्त ‘का’. प्रत्यक्ष खून घडतो पहिल्या भागाच्या शेवटी, म्हणजे जवळपास निम्मं पुस्तक संपल्यावर.

खरी फूट पडते दुसऱ्या भागावर. बर्फाखाली दडलेलं प्रेत, शोधमोहीम, मग अंत्यविधीसाठी बनीच्या आईवडिलांकडे मुक्काम. हे प्रकरण लांबतं, ही तक्रार रास्त आहे. पण मारेकऱ्यांनी मयताच्याच घरी पाहुणे म्हणून जेवायचं, झोपायचं, सांत्वन करायचं, हा अवघडलेपणा चार पानांत उरकला असता तर कादंबरीत राहिलं काय असतं? दुसरी तक्रार अशी की एकही पात्र आवडण्याजोगं नाही. नाहीच. पण या मंडळींवर भाळलाय तो रिचर्ड; लेखिका नव्हे. हे निसटलं तर पुस्तक म्हणजे श्रीमंत पोरांचं कौतुक वाटू लागतं. मधली ग्रीक-लॅटिन वाक्यं अडली तर खुशाल ओलांडावीत, कथा तुटत नाही.

टॅना फ्रेंचच्या ‘इन द वुड्स’चा (२००७) बाज पोलिसतपासाचा. १९८४ साली डब्लिनजवळच्या रानात खेळायला गेलेल्या तीन मुलांपैकी एकच सापडतो: झाडाला चिकटलेला, बुटांत रक्त, आठवण कोरी. वीस वर्षांनी तोच मुलगा नाव बदलून, रॉब म्हणून, डिटेक्टिव्ह झालेला असतो, आणि त्याच परिसरात, पुरातत्त्व उत्खननाच्या जागेवर, बारा वर्षांच्या मुलीचं प्रेत मिळतं.

नवी केस सुटते, जुनी सुटत नाही. एक तारा देणाऱ्यांचा राग मुख्यतः इथला. आपण खोटं बोलतो, हे निवेदक रॉब सुरुवातीलाच कबूल करतो, तेव्हा लेखिकेने फसवलं असं म्हणता येणार नाही; पण रहस्यकथेकडून उत्तराचीच अपेक्षा असेल तर ही कबुली काय कामाची? पुढची ‘द लाइकनेस’ (२००८) त्या आशेने घेऊ नका. तिथे निवेदक रॉबची सहकारी कॅसी आहे, आणि जुनं कोडं तसंच राहतं. मुरलेल्या वाचकाला नव्या केसमधला गुन्हेगारही बराच आधी ओळखू येतो. तरी रॉब-कॅसीची मैत्री आणि चौकशीच्या खोलीतले प्रसंग इतके सरस आहेत की पहिल्या कादंबरीसाठीचा एडगर पुरस्कार (रहस्यकथांसाठी दिला जाणारा) या पुस्तकाला उगाच मिळालेला नाही.

उत्तर हातात असूनही माणसं का घसरतात यात रस असेल तर टार्ट घ्या. तपासाची लय हवी असेल आणि एक गाठ न सुटलेली चालणार असेल तर फ्रेंच. लहान मुलांवरचे अत्याचार, लैंगिक हिंसा वाचवत नसेल तर मात्र ‘इन द वुड्स’ बाजूलाच ठेवा.

दोन्ही पुस्तकं जाडजूड आहेत, म्हणून सोडायचं कुठे तेही ठरवून ठेवावं. टार्टला बनीच्या खुनापर्यंत वेळ द्या. तोवर त्या मुलांच्या गप्पांनीच जीव उबगला असेल तर थांबा, कारण पुढेही वेग वाढत नाही. फ्रेंचच्या बाबतीत निकाल लवकर लागतो: रॉबचा आवाज पहिल्या काही प्रकरणांत नकोसा झाला, तर शेवटी तो आणखी नकोसा होणार.