हिरोशिगेचा पाऊस की हासुईचा बर्फ?

लाकडी ठशाचं एकच जपानी निसर्गचित्र घरी लावायचंय आणि या दोन चित्रांत मन अडलंय? मग दोन्ही आधी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहा.

जपानी चित्रकार हिरोशिगेचं ‘शिन-ओहाशी पुलावरची अवचित सर’ १८५७चं. दुरून पूल, छत्र्या, लगबगीची माणसं दिसतात. जवळ गेलात की पाऊसच पाऊस. केसाएवढ्या रेषा, त्याही दोन फळ्यांवर जराशा वेगळ्या कोनांत कोरलेल्या; त्या एकमेकींना छेदतात आणि सर हलते. ही रेषा खोदलेली नसते. दोन्ही बाजूंचं चेरीचं लाकूड काढून मधली धार उभी ठेवायची असते. हत्यार घसरलं की रेषा गेली! चित्र हिरोशिगेचं, पण पाऊस पाडला कोरणाऱ्याने. वरचा काळा ढग मात्र छापणाऱ्याचा: ओल्या फळीवर शाई हाताने विरवलेली, त्यामुळे दोन प्रतींतले ढग तंतोतंत जुळत नाहीत. व्हॅन गॉगने १८८७मध्ये हे चित्र तेलरंगात उतरवलं. ती बारीक धार तिथे मला सापडत नाही.

कावासे हासुईचं ‘शिबातलं झोजो-जी’ १९२५चं. १९२३च्या टोकियोच्या भूकंपात त्याच्या स्केचवह्या आणि प्रकाशक वातानाबेंकडचे ठसे जळाले, त्यानंतरचं हे काम. मंदिराचा लाल दरवाजा, वाऱ्यात छत्री सावरत चाललेली एकटी बाई. फांद्यांवरचा बर्फ रंगवलेला नाही, तो कोरा कागद आहे. हे कळल्यापासून मला तो लाल रंग दुप्पट भरीव वाटतो.

माझ्या मते निवड अंतरावर करावी. सोफ्यासमोरच्या भिंतीसाठी हासुई. तो लाल खोलीच्या पार टोकावरूनही पोचतो. हिरोशिगेचं चित्र जेमतेम ३६ बाय २४ सेंटिमीटरचं, तिथून पाऊस धुरकट होतो. ते लिहायच्या टेबलाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर हवं. मला एकच घ्यायचं झालं तर मी तेच घेईन. ऊन मात्र कुठल्याच चित्रावर नको.

हिरोशिगेच्या आज मिळणाऱ्या नव्या हातछपाईच्या प्रती नव्याने कोरलेल्या ठशांवरच्या असतात. त्यात कमीपणा नाही, कौशल्य तेच. फक्त घेताना कागद उलटून पाहा. बारेनने, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, घासून छापलेलं असेल तर रंग मागे झिरपलेला दिसतो. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ती यंत्राची छपाई.